बॅकअपवरून डेटाबेस परत आणताना दुसरी चूक कशी टाळायची

बॅकअप कसा घ्यावा, किती वेळा घ्यावा यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. पण सिस्टीम बंद आहे, फोन वाजतोय आणि रिस्टोअर मारायची जबाबदारी तुमच्यावर आली आहे, तेव्हा नेमकं काय करायचं हे बहुतेक ठिकाणी तोंडीच चालतं. पतसंस्थेचं किंवा दुकानांच्या साखळीचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या तीन-चार जणांच्या टीममध्ये वेगळा डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस, नसतोच. ज्याला लिनक्स येतं तोच डीबीए. तुम्ही त्या जागी असाल आणि खरी रिकव्हरी अजून केली नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन्ही डेटाबेसच्या रिकव्हरींमध्ये मी कधी कीबोर्डवर, कधी शेजारच्या खुर्चीत बसलो आहे. पहिल्या चुकीने डेटा जातो तो बहुतेक वेळा परत आणता येतो. ती निस्तरताना घाईत जे पुसलं जातं, ते आणणं फार अवघड होतं. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या एकाच नियमातून निघालेल्या आहेत: परत आणलेला डेटा तपासून होईपर्यंत जुनं काहीही पुसायचं नाही आणि जुन्यावर काहीही लिहायचं नाही. नवं नेहमी शेजारी उभं करायचं.

या नियमाची किंमत कळायला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेची ३१ जानेवारी २०१७ ची रात्र पुरेशी आहे. त्यांच्या दुय्यम पोस्टग्रेस सर्व्हरचं रेप्लिकेशन, म्हणजे मुख्य सर्व्हरवरचे बदल त्याच्यावर आपोआप उतरणं, तुटलं होतं आणि ते नव्याने जोडायचं होतं. त्यासाठीची पीजी_बेसबॅकअप ही कमांड काहीच न बोलता थांबून राहिली. खरं तर ती मुख्य सर्व्हरची वाट पाहत होती. इंजिनिअरला वाटलं, डेटा डिरेक्टरी पूर्ण रिकामी नसल्यामुळे ती अडली असावी, म्हणून त्याने डिरेक्टरी पुसायची कमांड दिली. ती चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं आणि कमांड थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचे डंप (डेटा फाइलमध्ये उतरवून घेतलेल्या प्रती) बनतच नव्हते, कारण सर्व्हर ९.६ आवृत्तीचा आणि डंप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा. तो अपयशी झाल्याच्या ईमेल निघत होत्या, पण डीमार्क या ईमेलच्या खरेपणाच्या तपासणीत नाकारल्या जात होत्या. शेवटी कामाला आला तो त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी वेगळ्या कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची डिस्कची प्रत. त्या सहा तासांतला डेटा मात्र गेला. हे सगळं गिटलॅबने जगासमोर उघडपणे मांडलं, आणि त्यांचा तो अहवाल नव्या माणसाने मुद्दाम शोधून वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आधीच जमवून ठेवायच्या गोष्टी

संकटाच्या वेळी शोधाशोध करावी लागली की माणूस आडवाट धरतो. म्हणून हे शांत दिवशी करून ठेवा.

- रिकव्हरीची लेखी पद्धत. ती ज्या सर्व्हरबद्दल आहे त्याच सर्व्हरवर ठेवू नका. एक छापील प्रत कपाटात असू द्या.
- कोणता डेटाबेस कोणत्या मशीनवर, कोणत्या आवृत्तीचा, किती मोठा, कोणती एक्स्टेन्शन्स वापरतो, याची यादी.
- बॅकअप एन्क्रिप्ट केलेला असेल तर त्याची किल्ली, आणि ती किल्ली आणखी कोणाकडे आहे त्यांचा फोन नंबर. गेलेल्या सर्व्हरवरच किल्ली असेल तर बॅकअप असून नसल्यासारखा.
- एक रिकामं मशीन, तीच मुख्य आवृत्ती बसवलेलं, डेटाच्या निदान दुप्पट डिस्क असलेलं.
- बॅकअपच्या साठ्यात फक्त वाचता येईल असं वेगळं खातं. रिकव्हरी करणाऱ्याच्या हातात बॅकअप पुसण्याचा अधिकार असूच नये.
- सिस्टीम किती वेळ बंद ठेवायची आणि किती तासांचा डेटा सोडून द्यायचा, हे ठरवू शकणाऱ्या व्यक्तीचं नाव. हा निर्णय तुमचा नसतो. तो तुमच्यावर ढकलला जाऊ देऊ नका.

१. आधी थांबा आणि माणसं वाटून घ्या

निदान दोघं हवेत, तिघं असतील तर उत्तम. एक जण कीबोर्डवर. दुसरा त्याच्या शेजारी, प्रत्येक कमांड एंटर दाबण्याआधी वाचणारा. तिसरा फोन घेणारा आणि वेळेसकट नोंद लिहिणारा. कीबोर्डवरच्या माणसाशी बाहेरच्या कोणीही थेट बोलायचं नाही. "किती वेळ लागेल?" हा प्रश्न साहेबांनी विचारला तरी उत्तर तिसऱ्याने द्यायचं.

शेजारच्या माणसाने काय वाचायचं, हे नीट ठरवून द्या. कमांड कशी लिहिली आहे हे बहुतेक जण बघतात. ती कशावर चालणार आहे हे बघायचं राहतं. एप्रिल २०२२ मध्ये ॲटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीत नेमकं हेच झालं. एक जुनं ॲप काढण्यासाठी जे क्रमांक द्यायचे होते, त्याऐवजी ग्राहकांच्या अख्ख्या साइटचे क्रमांक दिले गेले. स्क्रिप्ट कशी चालते हे तपासलं गेलं होतं, क्रमांक कशाचे आहेत हे नाही. तेवीस मिनिटांत ७७५ ग्राहकांच्या साइट पुसल्या गेल्या. बॅकअप होते, तरीही सगळ्यांना परत आणायला चौदा दिवसांपर्यंत वेळ लागला, कारण चालू सिस्टीमला धक्का न लावता इतक्या ग्राहकांचा डेटा एकदम परत बसवण्याची तयार पद्धत नव्हती.

म्हणून शेजारच्या माणसाने मोठ्याने तीन गोष्टी म्हणायच्या: मशीनचं नाव, डेटाबेसचं नाव, आणि ही कमांड काही पुसते का. कीबोर्डवरच्याने "हो, बरोबर" म्हटल्यावरच एंटर.

रात्र झाली असेल आणि कीबोर्डवरचा माणूस सकाळपासून बसलेला असेल तर त्याला उठवा. डेटा आधीच गेलेला असेल तर तो आणखी अर्ध्या तासाने आणल्याने फारसं बिघडत नाही.

काम टीमक्स किंवा स्क्रीनमध्येच सुरू करा, म्हणजे नेट तुटलं तरी अर्धवट रिस्टोअर मरत नाही. टर्मिनलवरचं सगळं फाइलमध्ये उतरवणारी स्क्रिप्ट ही कमांडही चालू ठेवा. दोन तासांनी "मी नक्की काय टाइप केलं होतं?" हा प्रश्न येतोच.

२. नुकसान वाढणं बंद करा

ॲप्लिकेशनचं लिहिणं थांबवा. नुसता वेब सर्व्हर बंद करून भागत नाही. क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), रात्रीचे हिशेब, मोबाइल ॲपचं सिंक, दुसऱ्या शाखेतून येणारा डेटा, हे सगळं वेगळ्या वाटेने येत असतं.

मग लगेच दोन गोष्टी करा, ज्या हमखास राहून जातात.

पहिली, जुने बॅकअप पुसणारं काम थांबवा. सात दिवसांचेच बॅकअप ठेवायचे असा नियम असेल आणि डेटा सहा दिवसांपूर्वी बिघडला असेल, तर तुम्ही विचार करत बसलेले असताना रात्री बारा वाजता ती स्क्रिप्ट शेवटचा चांगला बॅकअप पुसून टाकेल. तिला कळणार कसं?

दुसरी, आपोआप फेलओव्हर करणारी यंत्रणा असेल तर तिला विराम द्या. तुम्ही मुख्य सर्व्हर मुद्दाम थांबवला की ती रेप्लिकाला (दुय्यम प्रत-सर्व्हरला) मुख्य करून मोकळी होते आणि मग कोणता डेटा खरा, हा नवाच गोंधळ.

रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे, हे ऐकलं असेलच. मुख्य सर्व्हरवर चुकून चाललेलं डिलीट क्षणात तिच्यावरही पोहोचतं. पण मुद्दाम काही तास मागे ठेवलेली रेप्लिका तुमच्याकडे असेल, तर सर्वांत आधी तिचं पुढे जाणं थांबवा. दोन्ही डेटाबेसमध्ये अशी विलंबाची सोय आहे, आणि लहान टीमला मी ती आवर्जून सुचवतो.

३. जे उरलंय त्याची प्रत घ्या, मोडकं असलं तरी

बिघडलेला डेटाबेस कचरा वाटतो, पण त्यात आज सकाळपासूनच्या नोंदी असतात, ज्या कोणत्याच बॅकअपमध्ये नाहीत. जागा असेल तर पोस्टग्रेस थांबवून पूर्ण डेटा डिरेक्टरीची प्रत घ्या. जागा नसेल तर निदान पीजी_वॉल हे फोल्डर तरी, कारण अर्काइव्हमध्ये (बदलांचे लॉग जिथे वेगळे साठवले जातात तिथे) न पोहोचलेले शेवटचे बदल फक्त तिथेच असतात. मायएसक्यूएलमध्ये बिनलॉगच्या, म्हणजे बदलांच्या नोंदींच्या, फाइली अशाच जपा. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असेल तर आधी टेल-लॉग बॅकअप, म्हणजे अजून बॅकअपमध्ये न आलेल्या शेवटच्या लॉगचा बॅकअप.

या संपूर्ण कामात पुसण्याची कमांड वापरायची नाही. डिरेक्टरी रिकामी हवी असेल तर जुनीचं नाव बदला, नावात तारीख आणि वेळ घाला आणि नवी तयार करा. नाव बदलायला सेकंदही लागत नाही, आणि चुकीच्या मशीनवर बदललं गेलं तरी परत करता येतं. डिस्क भरत आली म्हणून काहीतरी पुसावंच लागत असेल, तर नवी डिस्क मागा. त्या क्षणी ती महाग वाटते, पण मागाच.

४. तुम्ही कोणत्या मशीनवर आहात?

या पायरीवर जरा जास्त वेळ घालवा.

नुसतं "मी बघून टाइप करतो" म्हणून भागत नाही. चार टर्मिनल उघडी असतात, सगळी काळी, सर्व्हरची नावं एका अंकाने वेगळी. डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागणार नाही अशी सोय आधीच करून ठेवा.

प्रॉडक्शन (चालू कामाच्या) मशीनचा प्रॉम्प्ट, म्हणजे कमांडच्या ओळीची सुरुवात, लाल, रिकव्हरी मशीनचा हिरवा, आणि दोन्हींत मशीनचं पूर्ण नाव. डेटाबेसच्या क्लायंटलाही हेच लागू आहे: पीएसक्यूएल आणि मायएसक्यूएल दोन्हींच्या प्रॉम्प्टमध्ये होस्ट आणि डेटाबेसचं नाव दाखवता येतं. नावं अर्थाची ठेवा. डीबी-१ आणि डीबी-२ ऐवजी 'विक्री-मुख्य' आणि 'विक्री-रिकव्हरी' असेल तर चूक वाचतानाच खटकते.

प्रॉम्प्ट खोटंही बोलू शकतो, म्हणून सर्व्हरलाच विचारा. मायएसक्यूएलमध्ये होस्टनेम हा व्हेरिएबल वाचा. पोस्टग्रेसमध्ये कॉनइन्फो (जोडणीची माहिती देणारी कमांड) बघा, आणि पीजी_इज_इन_रिकव्हरी हे फंक्शन चालवा. रेप्लिकावर ते खरं असं उत्तर देतं, मुख्य सर्व्हरवर खोटं. ही तपासणी लेखी पद्धतीत प्रत्येक धोक्याच्या कमांडच्या आधी लिहिलेली असावी.

इथला सापळा फार शांतपणे बसलेला असतो. पोस्टग्रेसचं होस्ट सांगणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सकाळी कधीतरी त्याच टर्मिनलमध्ये प्रॉडक्शनवर लावलेला असतो. तुम्ही रिकव्हरी मशीनवर बसून होस्ट न देता रिस्टोअर चालवता आणि ते थेट प्रॉडक्शनला जाऊन भिडतं. मशीन बरोबर, प्रॉम्प्ट हिरवा, तरी ठिकाण चूक. मायएसक्यूएलमध्ये हेच घरच्या डिरेक्टरीतल्या सेटिंग फाइलमुळे होतं. म्हणून रिकव्हरीसाठी नेहमी नवं टर्मिनल उघडा आणि होस्ट, पोर्ट, युजर, डेटाबेस हे चारही प्रत्येक कमांडमध्ये स्पष्ट लिहा.

यापेक्षा भक्कम उपाय म्हणजे रिकव्हरी मशीनवरून प्रॉडक्शनला पोहोचताच येऊ नये असा फायरवॉलचा नियम. मग थकलेल्या माणसाची चूक भिंतीवर आपटते आणि तिथेच संपते. एकच सुधारणा करायला वेळ असेल तर ही करा.

५. बॅकअप निवडा आणि उघडून बघा

फाइल आहे म्हणजे बॅकअप आहे असं नसतं. या तपासण्या काही मिनिटांच्या आहेत.

आकार मागच्या दिवसांच्या फाइलींशी ताडून बघा. फक्त २० बाइटची जीझिप फाइल दिसली तर ती रिकामी आहे, कारण शून्य मजकूर दाबला की एवढंच उरतं. डंपचं आउटपुट थेट जीझिपला जोडलेलं असतं तिथे हे होतं: डंप अपयशी झाला तरी जीझिप यशस्वी होतं आणि स्क्रिप्ट "ठीक" म्हणते. बॅशमध्ये पाइपफेल हा पर्याय चालू केला की ही फसवणूक थांबते.

मायएसक्यूएल डंपच्या अगदी शेवटी 'डंप पूर्ण झाला' अशा अर्थाची, तारखेसह एक ओळ असते. ती नसेल तर फाइल मध्येच तुटली आहे. पोस्टग्रेसच्या कस्टम स्वरूपातल्या डंपची अनुक्रमणिका पीजी_रिस्टोअरच्या लिस्ट पर्यायाने दिसते. तुमची टेबलं त्यात आहेत का ते बघा. पीजी_बेसबॅकअपने घेतलेल्या बॅकअपसाठी १३ व्या आवृत्तीपासून पीजी_व्हेरिफायबॅकअप आहे. कोणती फाइल निवडली आणि का, हे नोंदीत लिहा.

तारखेबाबत सावध राहा. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असेल तर रात्री साडेअकराला निघालेला बॅकअप आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे पाचचा असतो, पण नावात आदल्या दिवसाची तारीख पडते. "३१ चा घे" असं फोनवर सांगितलं गेलं की दोघांच्या मनात दोन वेगळ्या फाइली असतात. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख आणि शेवटी यूटीसीपासूनचं अंतर लिहायची सवय लावा.

६. नव्या नावाने, नव्या जागी रिस्टोअर करा

मुख्य नियम इथे हातात येतो. चालू डेटाबेसवर रिस्टोअर करायचं नाही. रिकव्हरी मशीनवर नव्या नावाने करायचं.

पण नवं नाव दिलं म्हणजे डेटा नव्या नावातच जाईल, हे गृहीत धरू नका. दोन्ही डेटाबेसमध्ये इथे एकेक खड्डा आहे.

मायएसक्यूएल डंप घेताना 'डेटाबेसेस' हा पर्याय दिलेला असेल, तर फाइलमध्येच मूळ डेटाबेस तयार करण्याची आणि तो वापरण्याची ओळ असते. तुम्ही क्लायंटला 'चाचणी' नावाचा डेटाबेस देऊन ती फाइल ओतली, तरी फाइलमधली ओळ त्याला मूळ डेटाबेसकडे वळवते. आणि डंपमध्ये प्रत्येक टेबलाआधी 'असेल तर काढून टाक' ही ओळ आपोआप असते. दोन्ही एकत्र आलं की चालू डेटाबेसची टेबलं जाऊन जुनी येतात, तीही एकही प्रश्न न विचारता. ओतण्याआधी फाइलच्या सुरुवातीच्या ओळी वाचा आणि 'यूज' ने सुरू होणारी ओळ शोधा.

पीजी_रिस्टोअरला 'क्रिएट' पर्याय दिला की तुम्ही सांगितलेला डेटाबेस फक्त पहिल्या जोडणीसाठी वापरला जातो आणि डेटा जातो तो डंपमध्ये लिहिलेल्या मूळ नावाच्या डेटाबेसमध्ये. त्याच्या जोडीला 'क्लीन' असेल तर मूळ नावाचा डेटाबेस आधी काढूनच टाकला जातो. म्हणून रिकामा डेटाबेस हाताने तयार करा आणि हे दोन्ही पर्याय न देता रिस्टोअर करा.

साध्या एसक्यूएल फाइली पीएसक्यूएलमधून चालवताना ऑन_एरर_स्टॉप चालू करा. नाहीतर चूक आली तरी तो पुढे जात राहतो आणि शेवटी अर्धीच टेबलं असलेला डेटाबेस "पूर्ण" दिसतो.

रिस्टोअर चालू असताना स्क्रीनवर बराच वेळ काही दिसत नाही. मोठ्या टेबलाचा इंडेक्स बनत असतो. गिटलॅबमध्ये सगळं बिघडलं ते या शांततेचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे. दुसऱ्या टर्मिनलमधून डिस्कचं लिहिणं आणि सर्व्हरवर चालू असलेल्या क्वेरी बघा. वीस मिनिटं काहीच हलत नसेल तरच शेजारच्या माणसाशी बोलून काय ते ठरवा.

७. ठरावीक क्षणापर्यंत आणायचं असेल तर घड्याळ सांभाळा

रात्रीचा बॅकअप आणि नंतरचे लॉग वापरून दुपारी २.२० च्या आधीपर्यंत यायचं, अशी रिकव्हरी असेल तर सर्वांत जास्त चुका वेळ लिहिताना होतात.

समजा कोणीतरी दुपारी २.२० ला टेबल पुसलं. यूटीसीत ती वेळ ८.५० आहे. यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरला नुसतं १४.२० लिहून दिलं, तर तो आपल्या संध्याकाळी ७.५० पर्यंत जाईल आणि पुसण्याची घटनाही प्रामाणिकपणे परत घडवेल. "मग मी आयएसटी लिहितो" असं वाटेल, पण पोस्टग्रेसच्या मूळ यादीत आयएसटी म्हणजे इस्रायलची वेळ, यूटीसीच्या दोन तास पुढे. आपल्यापेक्षा साडेतीन तासांचा फरक. रिकव्हरीच्या वेळेच्या सेटिंगमध्ये पोस्टग्रेस अशी संक्षिप्त नावं सहसा घेतही नाही. वेळेच्या शेवटी +०५:३० असा आकडा लिहा, किंवा आशिया/कोलकाता हे पूर्ण नाव. मायएसक्यूएलचा बिनलॉग वाचणारा प्रोग्रॅम ज्या मशीनवर चालतो तिथली स्थानिक वेळ धरतो, हेही लक्षात असू द्या. तिथे वेळेऐवजी घटनेचं नेमकं स्थान शोधून तिथवर थांबणं जास्त सुरक्षित.

कागदावर तीन रकाने करा: घटना, भारतीय वेळ, यूटीसी. ॲपचा लॉग, डेटाबेसचा लॉग आणि ग्राहकाने सांगितलेली वेळ तिन्ही त्यात बसवा. मग दुसऱ्या माणसाला स्वतंत्रपणे साडेपाच तास वजा करायला सांगा.

पोस्टग्रेसमध्ये लक्ष्यावर पोहोचल्यावर काय करायचं, याची मूळ सेटिंग 'थांब' अशी असते. ती तशीच ठेवा. सर्व्हर फक्त वाचण्यासाठी उघडतो, तुम्ही बघता, आणि आणखी पुढे जायचं असेल तर वेळ बदलून पुढे नेता. मागे मात्र येता येत नाही; मूळ बॅकअपपासून पुन्हा सुरू करावं लागतं. म्हणून पहिलं लक्ष्य थोडं आधीच्या वेळेचं ठेवा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये शेवटच्या लॉगपर्यंत 'नोरिकव्हरी' (अजून लॉग लावायचे बाकी आहेत असं सांगणारा पर्याय) ठेवायचं, तेही याच कारणासाठी.

पोस्टग्रेसबद्दल आणखी दोन इशारे. १२ व्या आवृत्तीपासून डेटा डिरेक्टरीत रिकव्हरी.सिग्नल ही रिकामी फाइल ठेवावी लागते. ती विसरलात तर सर्व्हर चेकपॉइंट सापडत नसल्याचं सांगून अडू शकतो, आणि त्याच संदेशात बॅकअप_लेबल फाइल काढण्याचाही उल्लेख असतो. बॅकअपवरून आणत असताना ती फाइल काढू नका, डेटा बिघडतो. तो इशारा त्याच संदेशात पुढे लिहिलेला असतो, पण घाईत पहिलीच ओळ वाचली जाते. दुसरं, मूळ सर्व्हरची सेटिंग जशीच्या तशी आलेली असेल तर नवा सर्व्हरही आपले लॉग प्रॉडक्शनच्याच अर्काइव्हमध्ये पाठवू लागेल. सुरू करण्याआधी नव्यावरचं अर्काइव्हिंग बंद करा.

अशी रिकव्हरी सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस एकत्र मागे नेते. तुम्हाला एकच टेबल हवं असेल तर शेजारी आणा, त्यातून तेवढंच टेबल डंप करा आणि मूळ जागी वेगळ्या नावाने न्या.

८. तपासा, आणि तपासताना बाहेर काही जाऊ देऊ नका

ॲप्लिकेशन नव्या डेटाबेसला जोडण्याआधी ईमेल, एसएमएस आणि पेमेंटच्या वाटा बंद करा. रांगेत पडलेले जुने निरोप परत आणलेल्या डेटाबेसमध्ये "पाठवायचे बाकी" असेच असतात. ॲप सुरू होताच हजारो ग्राहकांना कालचाच हप्ता भरल्याचा एसएमएस दुसऱ्यांदा जातो.

मोठ्या टेबलांतल्या ओळी मोजा, प्रत्येकातली शेवटची नोंद कधीची ते बघा. मग कामकाज जाणणाऱ्या माणसाला, म्हणजे कॅशिअरला, हिशेबनिसाला, समोर बसवा आणि आदल्या दिवशीच्या तीन-चार कागदी पावत्या स्क्रीनवर शोधायला सांगा. त्यांना जे खटकतं ते आपल्याला ओळींच्या संख्येत दिसत नाही.

काय आलं नाही, तेही शोधा. पीजी_डंप एका डेटाबेसचा डंप घेतो. युजर आणि त्यांचे रोल त्यात नसतात, ते वेगळे घ्यावे लागतात. मायएसक्यूएल डंपमध्ये ट्रिगर येतात, पण स्टोअर्ड प्रोसिजर आणि इव्हेंट मुद्दाम मागितल्याशिवाय येत नाहीत.

क्रमांकांचा प्रश्न तर फार नाजूक. एखाद्या टेबलात हाताने ओळी भरल्या तर पोस्टग्रेसचा सीक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारा काउंटर) मागेच राहतो आणि पुढची नोंद अडकते. तो पुढे न्या. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काही तासांचा डेटा गेला असेल तर त्या तासांत छापलेल्या जीएसटी बिलांचे क्रमांक सिस्टीम पुन्हा देईल. कायद्याने बिलाचा क्रमांक आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. हिशेबनिसाशी बोलून हरवलेली बिलं कागदावरून भरून घ्या किंवा बिलांची नवी मालिका सुरू करा. पेमेंट गेटवेकडे त्या तासांचे व्यवहार असतातच. त्यांची यादी मागवून जुळवा.

९. बदला, आणि जुनं जपून ठेवा

तपासून झाल्यावर ॲपला नव्या डेटाबेसकडे वळवा. जुन्याचं नाव बदला, त्यावर लिहिण्याचा अधिकार काढा आणि निदान महिनाभर ठेवा. कोणी पुसायचा, कधी पुसायचा आणि परवानगी कोणाची, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

ॲप सुरू झाल्यावर पहिलं काम म्हणजे नवा पूर्ण बॅकअप. मग दुसऱ्या आणि सातव्या पायरीत थांबवलेल्या गोष्टी एकेक करून सुरू करा: क्रॉन, फेलओव्हर, अर्काइव्हिंग, आणि सर्वांत शेवटी जुने बॅकअप पुसणारी स्क्रिप्ट. यासाठी तिसऱ्या माणसाची नोंद लागते.

१०. हे सगळं संकटाशिवाय करून बघा

महिन्यातून एकदा कालचा बॅकअप रिकाम्या मशीनवर उभा करा. कीबोर्डवर टीममधला सर्वांत नवा माणूस बसवा, हातात फक्त लेखी पद्धत. तो जिथे अडतो तिथे पद्धत अपुरी आहे. त्याला तोंडी सांगू नका, कागद दुरुस्त करा. किती वेळ लागला ते लिहून ठेवा, कारण "किती वेळ लागेल?" याचं खरं उत्तर तुमच्याकडे तेवढंच असेल.

दर वेळी एक गोष्ट मुद्दाम बदला. एकदा किल्ली असलेला माणूस रजेवर आहे असं धरा. एकदा कालचा बॅकअप तुटलेला आहे असं धरून परवाचा वापरा. एकदा फक्त एक टेबल परत आणा. आणि सरावाच्या दिवशी बॅकअप अपयशी झाल्याची सूचना मुद्दाम निर्माण करून ती खरंच कोणाच्या तरी फोनवर पोहोचते का, ते बघा.